ठमीला आणायला वाडीला गेलो होतो

लोक काशी-रामेश्वर करून येतात आणि प्रवासाचं लिहितात. मी सोलापुरातून निघून मैंदर्गीच्या पुढं, ओढ्याकाठच्या एका वाडीला जाऊन आलो. एवढ्याशा अंतराचं काय लिहायचं, असं कुणी म्हणेल. तरी लिहितोय, कारण तिथं जे पाहिलं ते इथं सकाळी अंड्याची पोळी खाणाऱ्याला ठाऊक नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंत. सगळं आयुष्य गिरणीत मागावर गेलं, त्यानं कान गेले, आणि मी मोठ्यानं बोलतो. लिहिताना पण तसंच होईल. सांभाळून घ्या.

वाडी म्हणजे माझी सासुरवाडी. माझी बायको गेल्या आषाढात वारली. तिचं नाव लिहीत नाही. लग्नातल्या उखाण्याशिवाय मी ते कधी घेतलं नाही, आता कशाला घेऊ?

मी वाडीला गेलो एका कोंबडीसाठी. हसू नका, आधी ऐका.

आमच्या वेळी सासूसमोर नवराबायकोनं एकमेकांशी बोलायचं नसायचं. आमची खोली एक, आणि आई दिवसभर दारात बसलेली. मग बोलायचं कसं? लग्नात हिच्या आईनं पाठराखीण म्हणून माणसाऐवजी कोंबडी धाडली होती. डोक्यावर पिसांचा तुरा, अंगावर कवड्यांसारखे ठिपके. नाव ठमी. ही भाकरी थापता थापता ठमीला म्हणायची, "ठमे, इचार गं, दुपारच्याला किती बांधू?" मी म्हणायचो, "ठमे, सांग, तीन." आई ऐकत बसायची, पण कोंबडीशी बोलू नका असं ती कुठल्या तोंडानं म्हणणार? पुढं आई गेली, तरी आमची खोड गेली नाही. भांडणंसुद्धा ठमीच्या मार्फत व्हायची. ठमी म्हातारी होऊन मेली की वाडीहून तिच्याच वंशातली दुसरी यायची. तिचंही नाव ठमीच.

मी एकटा वाडीला जाऊन आलो की चपला काढायच्या आत ही विचारायची, "ठमे, इचार गं, आडाचं पाणी पिऊन आले का?" हिच्या माहेरच्या आडाचं पाणी फार गोड. सोलापूरचं पाणी तिला जन्मात मानवलं नाही. मी म्हणायचो, "ठमे, सांग, दोन तांबे पिऊन आलो." मग हिचा चेहरा असा व्हायचा, जशी काही तीच पिऊन आली.

ही गेली. पाठोपाठ ठमीला बोक्यानं नेलं. तेव्हापासून घरात माझ्या तोंडाला कुलूप लागलं. भिंतीशी बोलून पाहिलं, जमलं नाही. म्हटलं, हुरड्याचे दिवस आलेत, वाडीला जावं आणि ठमी आणावी.

सात रस्ता

सात रस्त्यापर्यंत हुसेनभाईनं टांग्यातून सोडलं. हा माझा शेजारी. घोड्यापेक्षा कोंबड्यांचा नाद जास्त. त्याचा एक तांबडा कोंबडा आहे, आमचा व्हायचा जावई म्हणा. कोंबडी आणायला बांबूची पाटी त्यानंच दिली. म्हणाला, "चाचा, खाली टोकरी लेको जारैं, भरको लाना. नै तो मेरा मुर्गा बिनब्याहा मरता."

गाडीत कंडक्टर म्हणाला, "आजोबा, रिकामी पाटी टपावर टाका की."

म्हटलं, "येताना हिच्यात पाव्हणी हाय. आत्ताच सवय करतो."

अक्कलकोट रोडला सायकलवाल्यांची गर्दी लागली, यंत्रमागावर निघालेली पोरं. मी खिडकीतून त्यांच्या छात्यांकडं बघत होतो. गिरणीत राहिलेल्या माणसाला ती सवय लागते. कोण किती वर्षांत खोकणार, ते चेहऱ्यावर दिसतं.

वाडी

थांब्यावर उतरून पुढं पायवाट. दोन्ही अंगाला ज्वारी, मधून करडईची पिवळी फुलं. याच वाटेनं ही माझ्या पुढं चालायची. माहेराकडं जाताना हिचे पाय जमिनीला लागायचे नाहीत, आणि परत येताना हिला दर झाडाखाली बसायला लागायचं.

आडवी बाभळ आली की पूर्वी चुलीच्या धुराचा वास यायचा. या खेपेला तिथं दुसराच वास आला. उग्र, डोळ्यांतून पाणी काढणारा, मुतारीसारखा. वळण घेतलं आणि लांबच लांब पत्र्याच्या शेडी दिसल्या, तारेची जाळी मारलेल्या. ओढ्याच्या वरच्या अंगाला, आडापासून हाकेच्या अंतरावर. दुष्काळानंतर शहरातल्या कुणा मालकानं हे कोंबड्यांचं फारम घातलंय, असं ऐकून होतो, पण त्यानंतर माझं येणं झालं नव्हतं. एवढं मोठं असेल असं वाटलं नव्हतं.

मेव्हणा भिमण्णा अंगणात होता. "बर्री दाजी, बर्री!" म्हणत, म्हणजे या या करत, पुढं आला आणि माझ्या हातातली पाटी बघून त्यानं नजर वळवली. आक्काच्या, म्हणजे हिच्या, नावानं थोडं रडला. मीही. त्याची बायको गिरजा पाणी घेऊन आली. मी तांब्या तोंडाला लावला आणि थांबलो.

"हे आडाचं न्हाई."

"न्हाई," भिमण्णा म्हणाला. "खालच्या मळ्यातनं आणतो. आडाचं धुन्याला चालतंय."

मी पुढं विचारलं नाही. आल्या आल्या कुणाच्या दुखण्यावर बोट ठेवू नये.

जेवायला बसलो तर गिरजानं घरात मच्छरदाणी बांधलेली. भर दुपारी. म्हणाली, "दाजी, आत बसा." मी म्हटलं, "मला काय ताप आलाय?" ती म्हणाली, "बसा तर खरं." मी ताट घेऊन आत शिरलो आणि मग बघितलं. माश्या! मच्छरदाणी बाहेरून काळी पडली. कडक भाकरी, शेंगाची चटणी, वांग्याची भाजी, सगळं फार चवीचं होतं, आणि मी मांडवातल्या नवरीसारखा पडद्यात बसून खात होतो. आमच्या चाळीत माश्या आहेत, पण त्या पाहुण्यासारख्या येतात. इथं घरच त्यांचं, माणसं पाहुणी.

कोपऱ्यात दुसऱ्या लहान मच्छरदाणीखाली भिमण्णाची नात निजलेली. सून मंगल बाजूला बसून खोकत होती. मंगल फारमावर अंडी गोळा करते. मी तिचा खोकला ऐकला आणि हातातला घास खाली ठेवला. हा खोकला मला ओळखीचा आहे. माझ्या बाजूच्या मागावरचा माणूस असाच खोकायचा.

"पोरी, नाकाला फडकं बांध. ती धूळ छातीत बसती."

"बांधत हुते की. मुकादम म्हनला, तोंड बांधलं की कोंबड्या बिचकत्यात, अंडं देत न्हाईत."

"आनि तू बिचकलीस तर?"

ती हसली. "मला कोण अंडी मागतंय, मामा?"

हसता हसता परत खोकली. मग म्हणाली, "वाईट बोलू नगा फारमाला. दुष्काळात आमी खडी फोडली, डोस्क्यावर ऊन घिऊन. हितं सावलीत काम हाय, बारा म्हैने हाय." भिमण्णानंही मान हलवली. फारमाच्या खतावर त्याची ज्वारी पुरुषभर वाढलीय. ते मी डोळ्यांनी बघितलं, खोटं कशाला लिहू?

हात धुऊन मी मुद्द्याचं बोललो. "भिमण्णा, मला ठमी पायजे."

भिमण्णा माश्या हाकायला लागला. शेवटी गिरजा म्हणाली, "दाजी, कोंबडी सोडून काय बी मागा."

मग सगळं कळलं. आदल्या वर्षी कोंबड्यांना मानमोडी आली. माना पिळवटून शेडीतल्या मेल्या, वाडीतल्याही मेल्या. मुकादम म्हणाला, तुमच्या देशी कोंबड्यांनी रोग आणला. बायका म्हणाल्या, तुमच्या ट्रकानं आणला. भांडण तसंच राहिलं, पण नियम झाला. ज्याच्या घरातलं माणूस फारमावर, त्यानं घरात कोंबडी पाळायची नाही. आणि वाडीत फारमावर माणूस नाही असं घर उरलंय कुठं? ज्या जगल्या होत्या त्या लोकांनी कापून खाल्ल्या.

मी रिकाम्या पाटीकडं बघत बसलो. त्या दिवशी मला ही दुसऱ्यांदा वारल्यासारखी वाटली.

दिवस मावळताना शेडींत बल्ब लागले. वाडीत कंदील, आणि कोंबड्यांना बल्ब. उजेड दिसला की त्या दिवस समजून आणखी अंडी देतात म्हणे. गिरणीत आम्हाला असंच करायचे.

दुसरा दिवस

सकाळी मला जाग आली ती उन्हानं. वाडीत पडल्या पडल्या पहाटेचा कोंबडा ऐकायचा, मग दुसऱ्या आळीतला, मग मळ्यातला, असे ते एकमेकांना हाका घालायचे. ही अर्धवट झोपेत सांगायची, हा अमक्याच्या घरचा, हा तमक्याच्या. आता हजारो कोंबड्या असलेल्या गावात एक आरव नाही. फारमाची घंटा झाली तशी माणसं उठली.

मी आडाकडं गेलो. काठावरचा दगड तसाच होता, दोरीनं घासून खाचा पडलेला. एखादी खाच हिची असेल. वाकून बघितलं. पाणी होतं, पण वर साय धरलेली. ओढ्याच्या वरच्या अंगाला मेलेल्या कोंबड्या टाकायचा खड्डा आहे. कुत्री तिथनं एकेक ओढून आणतात. पावसाळ्यात तो खड्डा भरून वाहिला आणि वाडी ढाळीनं, हगवणीनं हैराण झाली. तेव्हापासून आड सुटला. भिमण्णाच्या नातीला अजून मधनंमधनं ढाळ लागते. मंगल तिला कोंबड्यांच्या पाण्यात घालायची पिवळी पूड चिमूटभर देते. सगळी वाडीच देते, कोंबड्यांना गुण येतो तर लेकरांना का येणार नाही म्हणून. पहिल्यांदा गुण आला. आता येत नाही. अक्कलकोटचा डॉक्टर पूड बघून ओरडला म्हणे, पण दिवसभराचं काम बुडवून त्याच्याकडं जाणार कोण आणि किती वेळा?

पोहरा सोडायचं माझ्या मनात आलं होतं. घोटभर तरी प्यावं. हात दोरीपर्यंत गेला. मग शेडीकडून वाऱ्याची झुळूक आली आणि मी मागं फिरलो.

जाळीपाशी जाऊन शेडीत डोकावलो. पांढऱ्या कोंबड्या, तारेच्या पिंजऱ्यांत चिकटून चिकटून, माना बाहेर. आवाज असा, की मला वाटलं मी मागाच्या खात्यात उभा आहे. एकीलाही पंख पसरायला जागा नाही. त्यांना बघून राग कुणावर धरायचा ते मला कळेना.

दुपारनंतर गिरजा म्हणाली, "दाजी, वरच्या शेतात चला, हुरडा भाजू. तितं माश्या कमी हायत." वरचं शेत चांगलं लांब. गवऱ्यांच्या आरात कणसं खुपसली, हातावर चोळून गरम हुरडा, गूळ, चटणी. पहिला घास घेतला. हिला हुरडा चोळता यायचा तसा कुणाला येत नाही. फुंकर मारून भूस उडवायची आणि हळूच माझ्या ताटात टाकायची, ठमीला टाकल्यासारखं दाखवून.

गिरजानं इकडंतिकडं बघितलं. "दाजी, खोपीत या. तोंडातनं शब्द काढू नका."

खोपीत कडब्याच्या पेंढ्या. एक पेंढी तिनं सरकवली. मागं बुट्टीत पिसांचा तुरा हलला.

मी तिथंच खाली बसलो. तोच तुरा, तेच ठिपके. ती मान वर करून माझ्याकडं एका डोळ्यानं बघत होती, ही चिडली की बघायची तशी.

"एकच वाचवली," गिरजा म्हणाली. "आक्कांच्या वंसाची हाय म्हनून. गवताला जाते सांगून दाणं घालून येते. खुडूक झालीय, अंड्यावर बसलीय. पन दाजी, म्हैना हुईल आता, पिल्लंच निघंनात."

"अंडी कुठली?"

"फारमाची. मंगलनं खायला आणलेली. वाडीत कोंबडाच न्हाई, मग हिची अंडी काय कामाची? म्हनून ती ठिवली."

"आनि फारमात कोंबडा हाय व्हय?"

गिरजा माझ्याकडं बघतच राहिली. "एवढी अंडी हायत म्हंजी कोंबडा असंलच की!"

"एक बी न्हाई," मागनं आवाज आला. दारात मंगल उभी. कामावरून सुटून हुरड्याला आली होती. सासूला ती अत्ती म्हणते. "अत्ती, त्या शेडीत एक बी कोंबडा न्हाई. त्या अंड्यात जीव नसतोय."

मग गिरजाला हसू फुटलं. "आगं बाई, म्हंजी ही येडी म्हैनाभर दगडावरच बसलीय की!" मलाही हसू आलं, पण अर्ध्यात विरलं. ठमीनं पंख पसरून ती मेलेली अंडी आणखी पोटाखाली ओढून घेतली होती.

मंगल मात्र हसली नाही. तिचा चेहरा लाल झाला. "आनि ही हितं हाय ते मला कवा सांगनार हुता? मुकादमाला कळलं तर उद्या मी घरात. तुमी माझ्या पोटावर पाय देताय, अत्ती! आजच्या आज कापा, न्हाईतर काढा हितनं."

सासू म्हणाली, "तुझ्या आक्कामामीची हाय गं ती."

"आक्कामामी गेल्या. माझी पोरगी जित्ती हाय."

बोलणं कडू होतं, पण त्यात चूक कुठं होती? मी म्हटलं, "मंगल बरोबर बोलती. मी हिला आत्ताच नेतो."

ठमी अंडी सोडेना. उचलली की टोचायची. माझ्या मनगटावरून रक्त आलं. शेवटी मंगलच पुढं झाली. रोज हजार कोंबड्यांत वावरणारी ती. तिनं अंड्यांसकट बुट्टीतलं गवत उचललं, तसंच पाटीत ठेवलं, वर ठमी बसवली आणि स्वतःच्या डोक्यावरचं फडकं सोडून पाटीवर टाकलं. "अंधारात वरडत न्हाईत," एवढंच म्हणाली.

परतीची वाट

थांब्यावर गाडी काही येईना. तेवढ्यात फारमाचा अंड्यांचा ट्रक आला आणि ड्रायव्हरनं आपणहून थांबवला. "बसा आजोबा, अक्कलकोटपर्यंत सोडतो." नको म्हटलं तर संशय येईल, म्हणून बसलो. आत बघतो तर शेजारी मुकादम. पांढरे कपडे, पान खाल्लेलं. मी पाटी मांडीवर घेतली आणि देवाचं नाव घ्यायला लागलो. गाडीनं खड्डा घेतला, आणि पाटीतून आवाज आला, "कुक्."

मुकादमानं पाटीकडं बघितलं. "काय हाय त्यात?"

माझ्या तोंडात जे आलं ते बोललो. "बायको."

ड्रायव्हर खो खो हसला. मुकादम हसला नाही. फडक्याचं टोक उचललं, तुरा बघितला. "कुणाच्या घरातनं आणली?"

"माझ्याच घरातली, सोलापूरची. एकट्याला करमत न्हाई म्हनून संगं घिऊन फिरतो. म्हाताऱ्याला येड लागलंय म्हना." घर माझं, कोंबडी माझ्या बायकोची. तेवढं तरी खरं होतं.

तो बराच वेळ माझ्या मनगटावरचं रक्त बघत होता. मग म्हणाला, "गाडी थांबव." मला वाटलं आता मागं वळवतो. पण म्हणाला, "आजोबा, उतरा. मला कुनाचं नाव नगं आनि गाव नगं. पन फारमाच्या गाडीत देशी कोंबडी चढली हे मालकाला कळलं तर माझी बी नोकरी जाईल." ट्रक पुढं जाऊन थांबला. मी ज्या जागी बसलो होतो ती जागा मुकादम औषधाच्या पाण्यानं धुऊन घेत होता. मला तेव्हा त्याची कीव आली. तोही पिंजऱ्यातलाच.

मैंदर्गीपर्यंत चालत गेलो. पाटी डोक्यावर, उन्हं कलती. वाटेवर कुणी नव्हतं. दर झाडाखाली बसलो. एका झाडाखाली फडकं बाजूला करून म्हटलं, "ठमे, इचार, पाय दुखले का म्हनून." पुढं कुणी विचारलं नाही. पण कितीतरी महिन्यांनी माझं तोंड उघडलं होतं.

मैंदर्गीत एसटी मिळाली. कंडक्टरनं पाटी बघितली. "तिकीट अर्धं का पुरं?"

"माहेराहून सासरी निघालीय," म्हटलं. "सासरी जाणाऱ्या बाईकडं कोण तिकीट मागतं?"

घर

दुसऱ्या दिवशी सकाळी हुसेनभाईनं ठमीला हातात धरून मान, डोळे, पंख सगळं तपासलं. रोग नाही म्हणाला, तरी काही दिवस तिला त्याच्या कोंबड्यांपासून लांब ठेवायलाही बजावलं. मग आपल्या घरची अंडी आणली, तांबड्या कोंबड्याची. संध्याकाळी अंधार पडताना पोटाखालची फारमाची काढली आणि नवी सारली. ठमीनं एकदा मान वळवून बघितलं, आणि बसली. तिला काही कळलं का, ते तीच जाणे.

त्या अंड्यांतून पिल्लं निघालीत. आत्ता हे लिहिताना ठमीच्या पोटाखालून चिवचिव चाललीय. एकाच्या डोक्यावर तुऱ्याची खूण दिसतेय. भिमण्णाला निरोप धाडलाय की पिल्लं इथं वाढतील, वाडीत परत कोंबडी पाळायची सोय झाली की न्यायला या. मंगलला सांगितलंय की मुकादम काहीही म्हणो, नाकाला फडकं बांध, आणि ती पिवळी पूड लेकराला देऊ नको. ऐकेल का, सांगता येत नाही.

एवढं लिहिलं म्हणजे प्रवास संपला असं कुणी म्हणेल. माझा संपलेला नाही. कारण आल्या आल्या, चपला काढायच्या आत, मला एक विचारणं ऐकू येतं. अजून रोज येतं. पहिले काही दिवस मी न ऐकल्यासारखं केलं. हिच्याशी मी आयुष्यात खोटं बोललो नाही, आणि खरं सांगावं तर तिचं माहेर मोडतं.

काल संध्याकाळी ठमीपुढं बसलो. दाणे टाकले. ती खात होती, पिल्लं तिच्या पायांत.

म्हटलं, "ठमे, सांग तिला. आडापाशी गेलो होतो. तिच्या दोरीची खाच अजून हाय." आणखी दाणे टाकले.

"पाणी प्यालो न्हाई म्हनावं. तहान नव्हती."